दाफिनका मावशी आणि मनगटावरची मैत्रीण

दाफिनका मावशीशी बोलताना पहिली अडचण ही, की आपण नक्की कुणाशी बोलतोय ते कळत नाही. दुकानात ती पाव किलो चीज मागते ते वेढा पडलेल्या किल्ल्यातल्या सेनापतीसारखं. शेजारणीचं मांजर मेलं तेव्हा तिने जे सांत्वन केलं, ते इंजिन बंद पडलेल्या यानाच्या कप्तानाला शोभलं असतं. शेजारीण म्हणाली, "दुःख राहिलं बाजूला, मला वाटलं आता आपल्याला उडी मारायचीय."

त्याला कारण आहे. आमच्या कालिनित्सा गावात परदेशी सिनेमातला प्रत्येक बाप्या, प्रत्येक बाई, प्रत्येक पोर आणि प्रत्येक राक्षस गेली तीसेक वर्षं दाफिनका मावशीच्या तोंडून बोलत आलाय. आमच्या चितालिश्तेत, म्हणजे गावाच्या संस्कृतीघरात, वरच्या मजल्यावर वाचनालय आणि खाली नाटकाचं सभागृह. नाटकवाले कधीच शहरात निघून गेले, सभागृह राहिलं. रविवारी दुपारी, सगळ्यांची जेवणं होऊन डोळे जड झाले की तिथे सिनेमा लागतो. मावशी पहिल्या रांगेच्या कडेला टेबल, माईक आणि पाण्याचा ग्लास मांडून बसते, सिनेमाचा आवाज बारीक करायला लावते आणि ऐकत ऐकत आमच्या भाषेत सांगत जाते. खाली अक्षरं येणारे सिनेमे आता मिळतात, नाही असं नाही. पण आमचं गाव म्हणजे चष्मे घरी विसरणाऱ्यांचं गाव.

सिनेमा ती आधी कधी पाहत नाही. "आधी पाहिला की तो शिळा होतो," असं तिचं म्हणणं. त्यामुळे कधी कधी खुनी कोण ते आमच्या आधी तिलाच कळतं आणि ती माईकमध्ये म्हणते, "अगं बाई, हा होय!"

मावशी मुळात शाळेत इंग्रजी शिकवायची. मलाही तिनेच शिकवलं, म्हणून माझं इंग्रजी हे असं आहे. पुढे गावातली तरुण मंडळी परदेशी गेली, त्यांच्या पाठोपाठ पोरं गेली, शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत मिसळली आणि मावशी आमच्या वायरींच्या कारखान्यात आली. मी तिथे यंत्रांना तेलपाणी करतो. शाळेत माझं नाव घेऊन ओरडायची, आता "ए तेलवाल्या" म्हणून ओरडते. एकंदरीत प्रगतीच.

तिचा जीव अंतराळाच्या सिनेमांवर. प्रेमाचे सिनेमे ती सांगते, पण दात दुखत असल्यासारखे. भविष्यकाळ आला की कशी खुलते! खुर्ची पुढे ओढते, डोक्यावरची ओढणी मागे टाकते, घसा खाकरते. मग दूरच्या कुठल्या ग्रहावर बरणीत वाढवलेले मजूर खनिज खणायला लागतात, त्यांना श्वास घ्यायची हवासुद्धा मालकाच्या दुकानातून विकत घ्यावी लागते आणि आम्ही सूर्यफुलाच्या बिया सोलत पुढे सरसावतो.

आमचा मुकादम स्तामेनकाका एकदा मध्यंतरात तिच्यावर उखडला. "दाफिनके, प्रत्येक सिनेमात मुकादमच कसा हलकट निघतो?"

"मी काय करू, स्तामेन? जे ऐकू येतं ते सांगते."

"ऐकू येतं 'कमांडर'. एवढं मलाही कळतं, मी सैन्यात होतो."

"मग कमांडर म्हणजे आपल्याकडे कोण? उन्हात स्वतः उभा न राहता दुसऱ्याला राबवतो तो. मुकादमच झाला."

"अगं, मी दिवसभर तुमच्या शेजारीच उभा असतो!"

"म्हणून तर तुला बिया देतोय आम्ही. घे."

काकाने बिया घेतल्या. आमच्या गावात बिया घेतल्यावर भांडण पुढे नेता येत नाही.

सिनेमा संपला की सगळे पायऱ्यांवर बसतात. कुणीतरी बोझाच्या, आमच्या त्या दाट आंबटगोड पेयाच्या, बाटल्या आणतं. मग खरी मजा. एका सिनेमात गरीब लोक आपली झोप भाड्याने द्यायचे. रात्री त्यांच्या डोक्याला तारा जोडायच्या आणि श्रीमंतांचे हिशेब त्या झोपलेल्या डोक्यांतून करून घ्यायचे. सगळे हळहळले. नेद्याल्का तेवढी म्हणाली, "निदान त्यांना झोपून पगार मिळतो." ही नेद्याल्का आमच्या कारखान्यात मावशीच्या शेजारच्या जागेवर काम करते. हात फावड्याएवढे आणि आवाज तीन गावांना पुरेल एवढा.

"हे असलं यांना सुचतं तरी कसं?" मी विचारलं.

"सुचत काही नाही रे," मावशी म्हणाली. "पुढचं कुणाला दिसलंय? कुठल्यातरी कारखान्यात जातात, बायका काय करताहेत ते बघतात आणि वरून चंदेरी रंग मारतात. चंदेरी रंग खरवड, आत आपली दुसरी पाळी."

पण तिची एक तक्रार कायम. सिनेमाच्या शेवटी एखादा स्वच्छ केसांचा तरुण येतो, एकटाच धावतो आणि सगळ्यांना सोडवतो. त्या वेळी मावशीचा आवाज मुद्दाम कंटाळलेला असतो. "हा यायच्या आधी ती माणसं जगलीच ना? एकमेकांना घास देत असतील, दमलेल्याचं ओझं उचलत असतील. ते कुणी दाखवत नाही. ह्याचं धावणं दाखवतात."

तिचा सगळ्यात गाजलेला आवाज म्हणजे यंत्राचा. यानातलं, खाणीतलं, शहरावर पाळत ठेवणारं यंत्र बोलायला लागलं की मावशी चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलू देत नाही. सपाट आवाज, फार सभ्य, एकेक शब्द सुटा, टेबलावर बशा मांडाव्यात तसा. अंगावर काटा येतो. एकदा अशाच एका यंत्राने मजुरांना फर्मावलं, "कामाला. परत. चला." तेव्हा मागून नेद्याल्का ओरडली, "आधी जेवू दे त्यांना!" सभागृह हसून लोळलं. तेव्हापासून रीतच पडली. पडद्यावरच्या यंत्राने हुकूम सोडला रे सोडला, की सगळं सभागृह एका सुरात ओरडतं, "आधी जेवू दे!" बाहेरगावचा पाहुणा असला तर त्याला वाटतं, हे लोक उपाशी आहेत.

आता कारखान्याचं सांगतो.

आम्ही गाड्यांच्या आतल्या वायरींच्या जुड्या बांधतो. मोठाल्या फळ्या, त्यांवर खुंट्या. फळ्या एका रुळावरून हळूहळू फिरत राहतात आणि बायका त्यांच्या कडेने चालत चालत वायर खुंट्यांवरून ओढतात, चिकटपट्टी गुंडाळतात, चाप बसवतात. फळी कुणासाठी थांबत नाही. पण बायका एकमेकींसाठी थांबतात. म्हणजे असं, की एखादी मागे पडली तर शेजारची हात लांब करून तिचे दोन चाप बसवून टाकते. बोलायचं नाही, बघायचं नाही, आभार मानायचे नाहीत. रात्री पोर आजारी असलेलीचे चाप असे बसतात, नवऱ्याशी भांडून आलेलीचे बसतात. फळीच्या शेवटाला जुडी पूर्ण असते, स्तामेनकाका ती बघतो आणि मान वळवतो.

दाफिनका मावशीची बोटं अलीकडे कामातून गेली होती. बारीक वायर जमायची, पण कोपऱ्यावरचा जाड गठ्ठा वाकवताना सांधे धरायचे. तो गठ्ठा नेद्याल्का वाकवायची. आणि त्या नेमक्या वेळी मावशी ओढणीची गाठ सारखी करायची, किंवा चष्मा पुसायची, किंवा मला विनाकारण हाक मारायची, "ए तेलवाल्या, तिकडे काय करतोस?" म्हणजे आपला गठ्ठा कुणी वाकवला हे तिने पाहिलेलंच नसायचं. पेन्शन अजून लांब होती. गावात दुसरं काम नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणून कुणीच बोलत नव्हतं.

आणि मग मनगटावरचे पट्टे आले.

आले म्हणजे येणार होते. आमचे व्यवस्थापक इंजिनियर पाशोव राजधानीतून आलेले, तरुण, सभ्य, बायकांना "ताई" म्हणणारे. त्यांनी सांगितलं की वरच्या कंपनीने एक पट्टा पाठवलाय. मनगटावर बांधायचा. कुणाचा हात किती वेळा हलला, कुठे थांबला, सगळं त्याला कळतं. हात थांबला की पट्टा थरथरतो. आमच्या कारखान्याच्या करारात असं होतं की काम मोजण्याची पद्धत बदलायची तर कामगारांच्या सभेत हात वर करून मंजुरी घ्यायची. सभा चितालिश्तेत ठरली. वरच्यांनी पट्ट्याची ओळख करून देणारी एक फिल्म पाठवली होती, इंग्रजीत.

पाशोव साहेबांनी मावशीला ऑफिसात बोलावलं. मी तिथे पंखा दुरुस्त करत होतो. स्टुलावर चढलेला माणूस कुणाला दिसत नाही, हा माझा अनुभव.

"दाफिनका ताई, गाव तुमचा आवाज ऐकतं," साहेब म्हणाले. "ही फिल्म तुम्हीच सांगा. छान, गोड करून. आणि हो, पाळीच्या घोषणा करायला लाऊडस्पीकरवर आम्हाला एक माणूस हवंय. बसून काम आहे. हातांना त्रास नाही."

मावशीने हात पाठीमागे नेले.

"विचार करते," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, बसून काम. घेऊन टाक."

"घेणारच आहे. मला काय वेड लागलंय?"

"पण पट्टा आला तर बाकीच्यांचं—"

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील. मी सांगायचं काम करते. जे ऐकू येतं ते सांगते." मग थांबून म्हणाली, "नेद्याल्काला बोलू नकोस."

नेद्याल्काला मी बोललो नाही. तिला तसंही कळलं होतं. त्या आठवड्यात ती मावशीचा गठ्ठा रोजच्यासारखाच वाकवत होती, फक्त बिया देत नव्हती.

खरं म्हणजे दोघींचीही अडचण सारखीच होती. पट्टा बांधला की कुणाचा हात कुणाच्या फळीवर गेला ते कळणार. नेद्याल्काचा हात तिच्या स्वतःच्या कामातून गैरहजर दिसणार आणि मावशीचा हात थांबलेला. एकीला थरथर, दुसरीला घरची वाट. मावशीकडे तेवढा लाऊडस्पीकर होता.

सभेला सगळा कारखाना आला. पहिल्या रांगेत पाशोव साहेब आणि स्तामेनकाका. मावशीने नवी ओढणी बांधली होती, ओठांना रंग होता. टेबल, माईक, पाण्याचा ग्लास. तिने माईकवर बोटाने टकटक केलं आणि आपल्या सिनेमातल्या नायिकेच्या, मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाली, "मंडळी, सुरू करते."

मला वाटलं, गेलो आपण. त्या आवाजात तिने आम्हाला विष विकलं असतं तरी आम्ही आणखी एक बाटली मागितली असती.

पडद्यावर हिरवळ आली. एक बाई धावत होती. दुसरी बाई हसत वायर ओढत होती, आणि तिच्या नखांवर इतका रंग होता की आमच्यातल्या एकीने लगेच शेजारणीला ढोसलं. मग बोलायला लागला तो पट्टाच. कुठल्याशा कॉम्प्युटरने बनवलेला बाईचा आवाज, सपाट, सभ्य, सुटा सुटा.

आणि दाफिनका मावशीच्या तोंडून बाहेर पडलं,

"नमस्कार. मी. तुमच्या मनगटावरची. मैत्रीण."

यंत्राच्या आवाजात. ती ठरवून नव्हती बोलली, हे मी शपथेवर सांगेन. मी कडेलाच होतो, तिचा चेहरा मला दिसत होता. इतकी वर्षं कानावर तसला आवाज पडला की तिच्या घशातून तोच निघत आला होता. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं ते झालं. ती स्वतःच दचकली.

पाशोव साहेब मान डोलवत होते. त्यांना उच्चार आवडले असावेत.

पडद्यावरचा पट्टा पुढे बोलला आणि मावशी एक क्षण मागे राहिली. तिने ग्लास उचलला. पाणी प्यायली. त्या घोटाएवढा वेळ तिच्याकडे होता. मध परत आणता आला असता. तिने पलीकडे पाहिलं, तिसऱ्या रांगेत नेद्याल्का फावड्यांसारखे हात मांडीवर ठेवून बसली होती आणि मुद्दाम छताकडे बघत होती, म्हणजे मावशीला वाटावं की ती बघत नाहीये.

मावशीने ग्लास खाली ठेवला. चेहऱ्यावरची रेघ न् रेघ पुसली गेली.

"मला. तुमची. काळजी आहे," ती म्हणाली. "तुमचा हात. थांबला. की मला. कळतं. तुमचा हात. दुसरीकडे. गेला. तरी मला. कळतं. मी. कधीच. झोपत नाही."

एक शब्द बदलला नाही. मला तेवढं इंग्रजी येतं, तिनेच शिकवलंय. फिल्ममध्ये अक्षरशः हेच होतं, फक्त खाली पियानो वाजत होता.

"आता. सगळ्यांनी. हात. पुढे. करा."

मागच्या रांगेतून कुणीतरी, अगदी हळू, सवयीने म्हणालं, "आधी जेवू दे."

कुणीतरी हसलं. मग दुसरं. मग नेद्याल्का उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला, आणि जे ओरडली त्याने खिडकीवरची कबुतरं उडाली. तिच्यामागे सगळं सभागृह ओरडलं. स्तामेनकाकाही ओरडला, आणि मग आपण पहिल्या रांगेत बसलोय हे आठवून खोकला आल्यासारखं केलं.

पाशोव साहेब वळले. "काय झालं? जेवणाची सोय केलीय आपण, बाहेर चीज घातलेली गरम बानित्सा आहे!"

यावर जे हसू फुटलं ते आवरायला फार वेळ लागला. साहेबांची मला दयाच आली. राजधानीत रविवारी माणसं काय करतात कोण जाणे.

फिल्म संपली. हसणंही संपलं, आणि मग कुणी न सांगता बोलणं सुरू झालं. एक उठली, म्हणाली माझं पोर इस्पितळात होतं तेव्हा महिनाभर माझे चाप कुणी बसवले, मला आजवर माहीत नाही. दुसरी म्हणाली मला माहीत आहे, कारण तुझे मी बसवले. जे कधीच बोलायचं नसतं ते सगळं त्या दिवशी भर सभेत बोललं गेलं, मुकादमासमोर, साहेबांसमोर. दाफिनका मावशीचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. ती माईकच्या बटणाशी चाळा करत बसली होती.

पट्ट्याच्या बाजूने हात वर करायला सांगितले तेव्हा फक्त पाशोव साहेबांचा स्वतःचा वर गेला, आणि तो मोजायचा नसतो हे त्यांना स्तामेनकाकाने कानात सांगितलं.

साहेब बाहेर मावशीपाशी आले. रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. "ताई, मी गोड सांगा म्हटलं होतं."

"शब्द चुकला का एखादा?"

"शब्द नाही. आवाज."

"आवाज तिचाच होता, साहेब. मी कुठला आणू?"

लाऊडस्पीकरचं काम तिला मिळालं नाही, हे उघडच आहे. पाळीच्या घोषणा आता रेकॉर्ड केलेल्या वाजतात. पट्टे पुन्हा येणार नाहीत असं कुणी लिहून दिलेलं नाही. वरची कंपनी दुसरं काही पाठवील, त्याचंही नाव मैत्रीण किंवा बहीण असं काहीतरी असेल. मी एकदा मावशीला विचारलं की त्या घोटाभर वेळात तुझ्या मनात काय आलं. मान वर उडवून "काही नाही" म्हणाली आणि वर सुनावलं, "तुझं तेल सांडतंय."

पण सभेनंतरच्या सोमवारी मी तिच्याच फळीखाली रुळाला वंगण लावत होतो. फळी कोपऱ्यावर आली. वर जाड गठ्ठा. नेद्याल्काचा हात नेहमीप्रमाणे हळूच पुढे सरकला. मी वाट बघत होतो, आता ओढणीची गाठ सारखी होणार, नाहीतर मला हाक ऐकू येणार.

मावशीने ओढणीला हात लावला नाही. दोन्ही हात फळीवर तसेच, सुजलेले, उघडे ठेवले.

"नेद्याल्का," ती म्हणाली, चांगलं मोठ्याने, पलीकडच्या दोन फळ्यांना ऐकू जाईल असं. "हा जाड तू वाकव. मला जमत नाही."

"अगं, वाकवतेच आहे की मी. कधीपासून."

"ते ठाऊक आहे मला. तरी सांगतेय."

नेद्याल्काने गठ्ठा वाकवला. मावशीने पुढच्या बारीक वायरी दोघींच्याही घेतल्या, आणि फळी पुढे गेली.